सातबारा नाही, म्हणून दावाही नाही?

खाणींचे कायदे बदलले पाहिजेत, असे आज सगळेच म्हणतात. कंपन्या म्हणतात, परवानग्यांना वर्षे लागतात, म्हणून बदला. राज्य सरकारे म्हणतात, खनिज आमच्या भूमीतून जाते आणि तिजोरीत पुरेसे येत नाही, म्हणून बदला. शेतकऱ्यांच्या समित्या म्हणतात, मोबदला कमी आणि नोकरी उशिरा, म्हणून बदला. पर्यावरणाचे कार्यकर्ते म्हणतात, जंगल आणि नदी वाचवायची आहे, म्हणून बदला. या प्रत्येक म्हणण्यात तथ्य आहे. पण या चौघांच्या बैठकीत पाचवा माणूस बसलेला मला आजवर दिसला नाही. ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो हा माणूस.

दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणारी बाई, वर्षाच्या करारावर राबणारा सालगडी, बटाईने दोन एकर करणारा, गावाच्या गुरांवर जगणारा गुराखी, शेतीची अवजारे दुरुस्त करणारा लोहार. खाण आली की यांचेही सगळे जाते. पण गेले म्हणून नोंद होत नाही, कारण कायद्याच्या लेखी यांच्याकडे काही नव्हतेच. आणि हे लोक कोण, हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. आपल्या गावात जमीन जातीने वाटली गेली, म्हणून भूमिहीनताही जातीने वाटली गेली. बौद्ध, मातंग, चर्मकार, भटके, भूमिहीन आदिवासी, आणि ओबीसींमधले असंख्य लहान कारागीर या यादीत आहेत.

हा विषय आताच का काढला, तेही सांगते. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला, की रॉयल्टी म्हणजे कर नव्हे आणि खनिज हक्कांवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांना आहे. पुढच्याच महिन्यात न्यायालयाने १ एप्रिल २००५ पासूनची थकबाकी वसूल करण्याची मुभाही राज्यांना दिली, आणि ती १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत घ्यावी असे सांगितले. म्हणजे खाणींच्या पैशाची नवी वाटणी सुरू होते आहे. वाटणी सुरू होते तेव्हा जो पंगतीत नसतो, त्याच्यासाठी नंतर ताट मांडले जात नाही. हा आपला जुना अनुभव आहे.

मी हे कुठून बोलते

मी विदर्भातल्या कोळसा पट्ट्यातली. वडील सालगडी होते, आई कापूस वेचायला आणि निंदायला जायची. आमच्या नावावर शेत नव्हते. गावठाणाच्या कडेला बौद्ध मोहल्ल्यात दोन खोल्यांचे मातीचे घर होते, तेही ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये आजोबांच्या नावाने. मी शाळेत असताना गावाच्या जमिनी खाणीत गेल्या. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना मोबदला मिळाला, काहींच्या मुलांना नोकऱ्या लागल्या. आम्हाला घराच्या भिंती आणि कवेलू मोजून पैसे मिळाले. वडिलांचे काम गेले, त्याची किंमत कोणत्याच रकान्यात नव्हती. मालकाचे शेतच उरले नाही, तर सालगड्याला कोण ठेवणार? आई तालुक्याच्या गावी धुणीभांडी करू लागली. वडील काही काळ खाणीतच ठेकेदाराकडे कोळशाच्या गाड्यांवर ताडपत्री बांधायचे. ज्या जमिनीवर ते वीस वर्षे राबले, तिच्याच खड्ड्यातून निघालेला कोळसा ते झाकत होते, आणि प्रकल्पग्रस्त मात्र नव्हते.

शिष्यवृत्तीवर शिकले, समाजशास्त्रात एम.ए. केले. आता काही वर्षे खाणगावांमध्ये पुनर्वसनाच्या कामात आहे. माझे काम बहुतेक वेळा कागदाचे असते. घरोघर जायचे, कोण राहते, कशावर जगते, कोणते कागद आहेत ते लिहायचे. एका गावात साठीच्या एका मावशींनी मला विचारले, "माह्या नावानं तं काहीच नाई वं बाई, तू लिवतं काय?" मी म्हटले, "मावशी, काम काय करता ते सांगा, तेच लिहिते." त्या बोलत गेल्या. कापूस वेचणी, सोयाबीनची सोंगणी, उन्हाळ्यात मोहफुले, सरपण, दोन शेळ्या, मालकाच्या बांधावरची भाजी. पान भरले. पण ते पान द्यायचे कुठे? कारण जमीन संपादनाच्या फायलीत या पानासाठी जागाच नाही. माझा सगळा वाद या जागेबद्दल आहे.

कायदा कोणाला विचारतो?

कोळशासाठी जमीन घेण्याचा मुख्य कायदा म्हणजे कोळसाधारक क्षेत्र (संपादन व विकास) अधिनियम, १९५७. गावात हे नाव कोणी घेत नाही. गावात 'सेक्शन' असतात. "आमच्या गावाला सेक्शन चार लागला," "सात झाला," "नऊ निघाला," असे लोक बोलतात. कलम ४ म्हणजे इथे कोळसा शोधायचा आहे. कलम ७ म्हणजे जमीन घेण्याचा इरादा आहे. कलम ८ म्हणजे तीस दिवसांत हरकत घ्या. कलम ९ म्हणजे संपादनाची घोषणा. कलम १० म्हणजे जमीन सर्व बोज्यांतून मुक्त होऊन केंद्र सरकारकडे गेली.

आता तीस दिवसांत हरकत कोण घेऊ शकतो? जमिनीत 'हितसंबंध असलेली व्यक्ती'. ही व्यक्ती कोण? जमीन संपादित झाली तर जी भरपाईत हक्क सांगू शकते ती. आणि भरपाईत हक्क कोण सांगू शकतो? ज्याच्याकडे जमिनीचा कागद आहे तो. म्हणजे गोल फिरून गाडी पुन्हा सातबाऱ्यावरच येते. वीस वर्षे त्या शेतात राबलेल्या माणसाचा त्या जमिनीत 'हितसंबंध' नाही, आणि पुण्या-मुंबईत राहून वर्षातून एकदा बटाईचे पैसे न्यायला येणाऱ्या मालकाचा आहे!

नोकरीचाही हिशेब असाच. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी असे सूत्र आहे. ज्याच्याकडे दहा एकर, त्याच्या घरात पाच नोकऱ्या येऊ शकतात. ज्याच्याकडे एक एकर, तो दुसऱ्याशी जमीन जोडून नोकरी मिळवण्याची खटपट करतो. ज्याच्याकडे शून्य, त्याच्यासाठी शून्य गुणिले काहीही म्हणजे शून्यच. सरकारी खाणीतली कायम नोकरी म्हणजे एका पगारापुरती गोष्ट नाही. त्यात क्वार्टर आहे, दवाखाना आहे, मुलांचे शिक्षण आहे, म्हातारपणाचे पेन्शन आहे. एकरांच्या हिशेबाने ती वाटली, की गावातली जमिनीची विषमता पुढच्या पिढीत पगाराची, शिक्षणाची आणि शहरातल्या घराची विषमता होते. खाणीने गाव उठते, पण गावाची उतरंड तशीच नव्या वसाहतीत जाऊन बसते. फक्त आता ती सिमेंटची असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. मी कुणबी, तेली, माळी शेतकऱ्यांच्या विरोधात लिहीत नाही. त्यांच्यातले बहुतेक लहान शेतकरी आहेत आणि त्यांच्यावरही अन्याय होतो. त्यांची लढाई खरी आहे. पण त्यांची मागणी 'जमिनीला भाव द्या' एवढ्यावर थांबली, तर तिचा लाभ जमिनीपुरताच राहील. म्हणून आपली मागणी वेगळ्या शब्दांत मांडावी लागेल.

दावा सांगण्याचा अधिकार

खाणकायद्याच्या मुळाशी कोळसा, लोखंड किंवा सोने नसते. मुळाशी एक प्रश्न असतो : दावा सांगण्याचा अधिकार कोणाला? हे समजण्यासाठी अमेरिकेचे उदाहरण उपयोगी आहे, कारण तिथे खाणीच्या हक्काला शब्दच 'दावा' असा आहे.

अमेरिकेचा १८७२ चा खाणकायदा आजही लागू आहे. सरकारी जमिनीवर सोने, चांदी, तांबे यांसारखे खनिज सापडले, की खुंट्या ठोकून दावा लावायचा आणि खनिज काढायचे. त्यावर केंद्र सरकारला रॉयल्टी द्यावी लागत नाही. १९९४ पर्यंत तर अशी जमीन एकरी अडीच किंवा पाच डॉलर भरून कायमची नावावर करून घेता येत असे. त्या साली संसदेने नवे अर्ज थांबवले, पण मूळ कायदा तसाच आहे. तिथले सुधारणावादी दीड शतकाच्या या कायद्यात रॉयल्टी आणा, म्हणून अनेक वर्षे झगडत आहेत.

पण मला रॉयल्टीपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. दावा कोण लावू शकत होता? कायदा म्हणतो, अमेरिकेचा नागरिक किंवा नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेला माणूस. दिसायला किती मोकळा नियम! पण त्या भूमीच्या मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व मिळाले ते १९२४ साली. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना तर नागरिक होण्याचा रस्ताच बंद केला. लाकोटा लोकांचे ब्लॅक हिल्स १८६८ च्या तहाने त्यांना दिलेले होते. १८७४ मध्ये तिथे सोने सापडले, १८७७ मध्ये तो प्रदेश काढून घेतला गेला. १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मंजूर केली, पण लाकोटांनी पैसे घेतले नाहीत. त्यांना जमीन हवी होती. जमीन ज्यांची होती, त्यांना तिच्यावर दावा सांगण्याचा अधिकारच नव्हता.

आपल्याकडे खुंट्या ठोकायची पद्धत नव्हती, पण खाण व खनिजे कायदा १९५७ खाली लोह, मँगनीज, बॉक्साइट यांचे पट्टे देताना २०१५ पर्यंत आधी अर्ज करणाऱ्याला प्राधान्य होते. अर्ज आधी कोण करणार? ज्याला भूगर्भाचा नकाशा, मंत्रालयाचा रस्ता आणि वकील परवडतो तो. कोळसा खाणी तर छाननी समितीच्या शिफारशीने वाटल्या गेल्या, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला २०४ वाटप रद्द करावे लागले. त्यानंतर लिलाव आला. लिलावाने सरकार आणि कंपनी यांच्यातला व्यवहार अधिक उघड झाला, हे मान्य. पण गावातला माणूस पूर्वी वाटपाच्या बाहेर होता, आता लिलावाच्या बाहेर आहे.

वनहक्क कायदा २००६ मध्ये 'दावा' हा शब्द गावापर्यंत पोहोचला. आदिवासींना त्याने मोठे हत्यार दिले, आणि ते मोलाचे आहे. पण त्याच जंगलाच्या कडेला राहणाऱ्या बौद्ध किंवा भटक्या कुटुंबाला 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांच्या पिढ्यांना अक्षर शिकू दिले नाही, त्यांच्याकडे पंचाहत्तर वर्षांचे कागद मागायचे!

हक्क दिला, मोजणी काढून घेतली

कोणी म्हणेल, २०१३ चा भूसंपादन कायदा आहे ना? आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे. त्यात 'बाधित कुटुंब' या व्याख्येत जमीन नसलेले शेतमजूर, कुळे, बटाईदार, कारागीर येतात. अट एवढीच, की संपादनाच्या आधी तीन वर्षे ते त्या भागात काम करत असावेत आणि त्यांची मुख्य उपजीविका बाधित होत असावी. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत बाधित कुटुंबाला नोकरी, किंवा एकरकमी पाच लाख रुपये, किंवा वीस वर्षे दरमहा दोन हजार रुपये यांपैकी एक पर्याय आहे. स्वतंत्र भारताच्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने भूमिहीनाला पहिल्यांदा माणूस म्हणून ओळखले, असे मी म्हणेन.

मग अडले कुठे? त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत तेरा कायदे वगळले आहेत, आणि त्यात कोळशाचा १९५७ चा कायदा आहे. २०१५ मध्ये केंद्राने आदेश काढून मोबदला आणि पुनर्वसन यांच्या अनुसूची या तेरा कायद्यांनाही लागू केल्या. ऐकायला चांगले वाटते. पण सामाजिक परिणामांचे मूल्यमापन लागू झाले नाही. म्हणजे भूमिहीनाचा हक्क कागदावर आला, पण तो भूमिहीन आहे तरी कोण, हे मोजण्याची सक्ती आली नाही.

हा तांत्रिक मुद्दा नाही, हाच मुख्य मुद्दा आहे. शेतकऱ्याला कोणी मोजायची गरज नसते, कारण तलाठ्याच्या दप्तरात तो आधीच मोजलेला आहे. मजूर कोणत्याच दप्तरात नाही. तो दिसतो फक्त घरोघर जाऊन केलेल्या गणनेत. २०१३ च्या कायद्याचे कलम १६ नेमकी अशीच गणना करायला सांगते आणि उपजीविका गमावणाऱ्या भूमिहीनांची वेगळी नोंद घ्यायला सांगते. कोळशाच्या कायद्यात असे कलम नाही. गणना नाही म्हणून यादी नाही. यादी नाही म्हणून दावेदार नाही. आणि दावेदार नाही म्हणून अधिकारी प्रामाणिकपणे म्हणू शकतो, "आमच्याकडे तर एकही अर्ज प्रलंबित नाही."

जातनिहाय जनगणनेसाठी आपण इतकी वर्षे का बोलतो? कारण मोजल्याशिवाय वाटा मागता येत नाही. खाणगावातही तेच गणित आहे.

बाबासाहेबांनी काय केले होते

बाबासाहेब म्हटले की संविधान, आरक्षण आणि धम्मदीक्षा आपल्याला आठवते. चंद्रपूरकरांना १६ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा आठवते. पण १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि खाणी त्यांच्या खात्यात होत्या, हे आपण कमी बोलतो. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादच्या कोळसा खाणींत स्वतः जाऊन आले. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसवायचा आणि तो पैसा कामगारांच्या आरोग्य, घरे, पाणी, शिक्षणावर खर्च करायचा. १९४६ मध्ये अभ्रक खाणींसाठीही तसाच निधी आला.

या निधीमागचा विचार लक्षात घ्या. खनिजावर फक्त खोदणाऱ्या कंपनीचा आणि जमीनमालकाचा हक्क नाही. ज्याच्या श्रमातून ते बाहेर येते, त्याचाही त्यावर पहिला हक्क आहे, आणि तो दयेने नव्हे, कायद्याने ठरवलेल्या उपकरातून मिळाला पाहिजे.

१९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि शेतजमीनही राज्याने घेऊन जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना सामूहिकरीत्या कसायला द्यावी, जेणेकरून जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नाहीत. या योजनेचे दोन पाय होते : उद्योग राज्याचा आणि जमीन सर्वांची. देशाने १९७३ पर्यंत कोळशाचे राष्ट्रीयीकरण केले, म्हणजे एक पाय घेतला. दुसरा पाय सोडून दिला. म्हणून राज्याच्या मालकीच्या खाणीतही जुन्या जमीनदारीचाच हिशेब चालू राहिला, एकराला इतके आणि दोन एकराला इतके. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, तो याच दुसऱ्या पायासाठीचा लढा होता.

आज त्या कल्याण निधीचा एक दूरचा वारस आहे : जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ च्या दुरुस्तीने ते आले. जुन्या पट्ट्यांच्या रॉयल्टीच्या तीस टक्के आणि लिलावातल्या पट्ट्यांच्या रॉयल्टीच्या दहा टक्के इतकी रक्कम त्यात जमा होते. प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत 'बाधित व्यक्ती' म्हणून २०१३ च्या कायद्याचीच व्याख्या घेतली आहे, म्हणजे भूमिहीन त्यातही आहेत. शिवाय प्रतिष्ठानाने बाधितांची अद्ययावत यादी ठेवावी, असेही सूचना म्हणतात. मी ज्या गावांत काम करते तिथे लोकांना विचारते, "तुमचे नाव या यादीत आहे का?" लोक मलाच विचारतात, "ताई, अशी यादी असते का?" त्यांना रस्ता, कमान, सभागृह दिसते. ते नको असे कोणी म्हणत नाही. पण रस्त्यावरून कोळशाचे ट्रकही जातात. सभागृहाने कापूस वेचणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी भरून निघत नाही.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप : मजूर कुठेही मजुरी करू शकतो, त्याचे काय गेले? हे म्हणणाऱ्याला गाव माहीत नाही. मजुरी ही केवळ दोन हातांची गोष्ट नाही. कोणत्या मालकाकडे उचल मिळते, कोणत्या बांधावरचे गवत चालते, कोणती दुकानदारीण उधार देते, हे सगळे ओळखीवर चालते. गाव उठले की ही ओळखच जाते. शिवाय नव्या जागी जातीची ओळख मात्र आधी पोहोचते.

दुसरा आक्षेप : खोटे लोक यादीत घुसतील. जमिनीच्या मोबदल्यात खोटे लोक घुसत नाहीत का? संपादनाची कुणकुण लागताच खरेदीखते कशी होतात, हे खाणगावात सर्वांना माहीत आहे. म्हणून कोणी मोबदलाच बंद करा असे म्हणत नाही. मजुरासाठी रोजगार हमीचे जॉबकार्ड, रेशनकार्ड, मतदार यादी, मुलांचे शाळेचे दाखले, नमुना आठ आणि ग्रामसभेत जाहीर वाचन एवढे पुरावे पुरेसे आहेत.

तिसरा आक्षेप : खनिज मुळातच जमीनमालकाचे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मान्य केले आहे. केरळमधल्या जमिनींच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले, की कायद्याने काढून घेतले नसेल तर जमिनीखालचे खनिज जमीनमालकाचे. अनेक पुरोगामी मित्रांना हा निकाल आवडला. महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेचे कलम ४८ खनिजांवर शासनाचा हक्क सांगते, म्हणून इथले चित्र वेगळे आहे. पण तत्त्वाचे बोलू. शासन विरुद्ध मालक या भांडणात मालक जिंकला, तर भूमिहीनाला काय मिळणार? जमिनीच्या वरची विषमता जमिनीच्या खालीही लागू होईल, एवढेच. आपण मालकाच्या बाजूनेही नाही आणि शासनाच्या मालकीला बेलगाम मान्यता देणारेही नाही. खनिज समाजाचे आहे आणि समाजात आम्हीही आहोत, ही आपली भूमिका असली पाहिजे.

चौथा आक्षेप : यात जात कशाला आणता? जात मी आणलेली नाही. विदर्भाचा हा भाग मध्य प्रदेशात असताना १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि जमीन मुख्यतः कसणाऱ्या कुळांच्या नावावर गेली. कुळाच्या शेतात राबणाऱ्याच्या नावावर काही आले नाही. जात त्या दप्तरात आधीपासून आहे. मी फक्त दप्तर उघडून दाखवते.

काय बदलले पाहिजे

१. कोळशाच्या १९५७ च्या कायद्यात कलम ७ ची अधिसूचना निघण्याआधी घरोघर गणना आणि सामाजिक परिणामांचे मूल्यमापन सक्तीचे करावे. ते होत नसेल, तर हा कायदा २०१३ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतून काढावा.

२. 'हितसंबंध असलेली व्यक्ती' या व्याख्येत उपजीविका गमावणाऱ्यांचा समावेश करावा. तीस दिवसांत हरकत घेण्याचा अधिकार मजुरालाही हवा.

३. नोकरी किंवा वार्षिकी एकराप्रमाणे नव्हे, कुटुंबाप्रमाणे द्यावी. एकट्या, विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांची स्वतंत्र कुटुंब म्हणून नोंद व्हावी.

४. जिल्हा खनिज प्रतिष्ठानाने बाधितांची नावानिशी यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी. निर्णय घेणाऱ्या समितीत भूमिहीन बाधितांना आणि स्त्रियांना ठरलेल्या जागा असाव्यात.

५. खोदून झालेली जमीन भूमिहीनांच्या सहकारी संस्थांना कसायला, मत्स्यपालनाला किंवा सौरऊर्जेसाठी द्यावी. २०२२ मध्ये केंद्र सरकारने अशा जमिनी कोळसा आणि ऊर्जेशी संबंधित प्रकल्पांना भाड्याने देण्याचे धोरण मंजूर केले. जमीन पुन्हा वापरता येते, हे सरकारनेच मान्य केले आहे. मग त्या रांगेत पहिला मान भूमिहीनाचा का नसावा?

६. राज्याने खनिज हक्कांवर नवा कर बसवला, तर त्याचा ठरावीक हिस्सा कायद्यानेच भूमिहीन बाधितांसाठी राखून ठेवावा.

यातली एकही मागणी खाण बंद करा असे म्हणत नाही. ज्यांना खाण नको आहे, त्यांचा तो हक्कही मी मान्य करते. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीत बारा ग्रामसभांनी खाण नाकारली, तो या देशाच्या लोकशाहीतला मोठा प्रसंग आहे. पण वणी, भद्रावती या भागांतली बरीच खाणगावे पाचव्या अनुसूचीच्या बाहेर आहेत. तिथे ग्रामसभेला तसा अधिकार नाही, आणि जिथे ग्रामसभा भरते तिथेही पुढच्या सतरंजीवर कोण बसतो आणि दाराशी कोण उभा राहतो, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून ग्रामसभेचा अधिकार मागताना ग्रामसभेत भूमिहीनाची वेगळी नोंद आणि वेगळा आवाजही मागावा लागेल.

कायदा बदलेपर्यंत थांबायचे का? नाही. खाणपट्ट्यातल्या माझ्या बंधू-भगिनींना विनंती आहे. गावाला सेक्शन चार लागला असे कानावर आले, की त्याच आठवड्यात विहारात बसा आणि मोहल्ल्याची गणना स्वतः करा. प्रत्येक कुटुंब, प्रत्येक प्रौढ माणूस, कोणत्या शेतात किती वर्षे काम केले, कोणती बटाई, किती शेळ्या, कोणते सरपण, सगळे लिहा. जॉबकार्ड आणि रेशनकार्डाच्या प्रती जोडा. मातंग, गोंड, लोहार, धनगर शेजाऱ्यांनाही बोलवा, त्यांचीही नावे घ्या. ग्रामसभेत ते वाचून ठरावाला जोडा. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक खाण प्रशासनाला, एक खनिज प्रतिष्ठानाला द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांच्या आत उपजीविकेच्या मुद्द्यावर हरकत दाखल करा. 'तुमचा हितसंबंध नाही' म्हणून ती फेटाळली, तर ते लेखी मागा. न्यायालयात जाताना हातात तोच कागद लागेल.

तरुण वकील मित्रांनी या हरकती लढवायला पुढे यावे. विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी सुट्टीतले पंधरा दिवस एखाद्या खाणगावाच्या गणनेला द्यावेत. मला नोकरी सोडून या असे म्हणायचे नाही. एक वही आणि पंधरा दिवस एवढेच मागते आहे. सरकारने आपल्याला मोजले नाही, तर आपण स्वतःला मोजू, आणि ती वही घेऊन कायद्याच्या दारात उभे राहू.

जयभीम!